तुरुंगातला पुरुष हा आपल्या खात्याचा रुग्ण आहे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



तुरुंग हा आपल्या खात्याचा विषय नाही, कारागृहे गृह विभागाकडे आहेत, तेव्हा पत्र तिकडे पाठवा, असे कार्यालयातून आपल्याला सांगितले जाईल. मी ते जाणूनबुजून आपल्यालाच लिहिते आहे. तुरुंगातल्या माणसाला क्षय होतो, त्याची साखर वाढते, त्याचे मन ढासळते. हे आरोग्याचे काम आहे, आणि ते सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कुलूप सांभाळणाऱ्यांच्या हाताखाली चालले आहे. ते आपण आपल्या ताब्यात घ्यावे, ही मागणी करण्यासाठी हे पत्र आहे.

मी राज्याच्या आरोग्यसेवेत डॉक्टर होते. नोकरी बहुतेक जिल्हा रुग्णालयांतच झाली. कॅज्युअल्टीत, ओपीडीत बंद्यांना घेऊन येणारे पोलीस गार्ड मी वर्षानुवर्षे पाहिले. पुरुष रुग्ण मुळातच उशिरा येतो, हे कुठल्याही सरकारी डॉक्टरला सांगावे लागत नाही. बाईसुद्धा दुखणे अंगावर काढते, पण बाळंतपणाच्या, लसीकरणाच्या निमित्ताने का होईना दवाखान्याशी तिची ओळख झालेली असते. आशाताई तिच्या दारात येते. पुरुषाचे नाव घेऊन आरोग्य खात्याचे कोणी दार वाजवत नाही आणि तो आपणहून येत नाही. 2019 ते 2021 या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात पुरुषांतले क्षयाचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक निघाले. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. का गेले नाहीत, तर पैसे नव्हते असे सांगणारे अगदी थोडे होते. बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते.

हे दुर्लक्ष मुलगा घरात शिकतो. गुडघा फुटला तर 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय', भीती वाटली तर 'बांगड्या भर'. चाळिशीत छातीत कळ आली की तो सोडा पितो आणि रिक्षा घेऊन बाहेर पडतो. अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी तरी बायको दवाखान्यात ओढून नेते. तुरुंगात ओढून नेणारे कोणी नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि जागा होती 4,36,266 जणांची. त्यातले सुमारे 96 टक्के पुरुष. चारांतले तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. मुंबईच्या आर्थर रोडची क्षमता आठशे-हजाराच्या आसपासची, आणि तिथे तीन हजारांच्या वर माणसे ठेवल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. एका कुशीवर झोपायचे आणि कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलायला लावायची, असे तिथून सुटून आलेले सांगतात. खरूज एकाला झाली की बॅरेकभर होते. मे 2020 मध्ये याच तुरुंगात थोड्या दिवसांत शंभराहून अधिक बंदी आणि कर्मचारी करोनाबाधित निघाले, याचे कोणाला नवल वाटले नाही.

अशा बॅरेकीत 'मला बरे नाही' असे म्हणणे पुरुषाला परवडत नाही, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. सुटून आलेल्या अनेकांशी निवृत्तीनंतर बोलणे झाले तेव्हा ते उलगडत गेले. तिथे कोण संडासाजवळ झोपणार आणि कोण खिडकीखाली, कोणाचे कपडे कोण धुणार, कोणाच्या मनीऑर्डरीतून कोण बिड्या घेणार, हे सगळे माणसाच्या ताकदीवर ठरते. जो कण्हतो, जो रात्री रडतो, जो गोळ्या मागतो, तो कच्चा ठरतो. म्हणून ताप असलेला पोरगा दिवसा हसतो, जोर-बैठका काढतो. मुलाकातीला आई आली की काचेपलीकडून फोनवर सांगतो, मी मजेत आहे, वजन वाढलेय. आईला ते खरे वाटत नाही, पण तीही विचारत नाही; तिला वकिलाचे पैसे कुठून आणायचे ते बोलायचे असते. बाहेरच्या जगात पुरुषपणाचा जो धाक असतो तो तुरुंगात पातळ होत नाही, आटून घट्ट होतो. आणि आपली व्यवस्था नेमकी या धाकावर उभी आहे.

1894 च्या कारागृह कायद्याने घालून दिलेली घडी पाहा. त्याच्या 13व्या कलमात वैद्यकीय अधिकारी अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली काम करतो. 37व्या कलमात डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या, किंवा शरीराने वा मनाने आजारी दिसणाऱ्या बंद्याचे नाव त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने तुरुंगाधिकाऱ्याला कळवायचे असते. 'मनाने' हा शब्द त्या काळच्या साहेबाला सुचला होता, हे त्याच्या पदरी घालायला हवे. पण वाट बघा कशी आखली आहे: माणसाने आधी पहारेकऱ्याला सांगायचे, चारचौघांत, मोठ्याने, आणि त्याला पटले तर निरोप पुढे जाणार. ज्याला आपल्या सख्ख्या भावाला मूळव्याध झाल्याचे सांगता येत नाही, त्याने ते लाठीवाल्याला सांगायचे. याच कायद्याच्या 35व्या कलमात सक्तमजुरी करणाऱ्याचे वजन पंधरवड्यातून एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर नोंदवायला सांगितले आहे, आणि 46व्या कलमात बेड्या आणि फटके यांच्या शिक्षेतून बायकांना वगळले आहे. पुरुषाचे शरीर म्हणजे मजुरी काढायची आणि मार सोसायची वस्तू, त्याचे वजन घटले तर काम घटेल, एवढीच त्याच्या तब्येतीची किंमत. फटके केव्हाच बंद झाले आणि कायदेही बदलत आहेत, पण आजारी पुरुषाकडे बघायची नजर तीच राहिली आहे.

जामिनाच्या कायद्यातही हे दिसते. गंभीर गुन्ह्यात बाई असेल, किंवा आरोपी आजारी वा अशक्त असेल, तर न्यायालय जामीन देऊ शकते अशी सवलत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 437व्या कलमात होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 480व्या कलमात आहे. सवलत योग्यच आहे. पण तिचा लाभ घ्यायचा तर पुरुषाला आजार सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी आजाराची नोंद लागते. ज्याने दोन वर्षे तोंड उघडले नाही, ज्याचे नाव पहारेकऱ्याने पुढे पाठवले नाही, त्याची नोंद कुठून येणार? पैसेवाल्याकडे मात्र जाडजूड फाइल असते. पुण्यात ऑक्टोबर 2023 मध्ये ससूनच्या बंद्यांसाठीच्या 16 नंबरच्या वॉर्डात दाखल असलेला अमली पदार्थ प्रकरणातला एक आरोपी पळून गेला. त्यानंतर सगळीकडे ओरड झाली, चौकशा लागल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण अशा प्रत्येक घटनेचा भुर्दंड गरीब बंदी भरतो. त्याच्या छातीतली कळ नाटक ठरते. ज्याच्याकडे खोटा आजार विकत घ्यायची ऐपत असते तो रुग्णालयात झोपतो आणि ज्याला खरा आजार आहे तो बॅरेकीत.

तळोजा तुरुंगातल्या फादर स्टॅन स्वामींची आठवण आपल्याला करून द्यायला नको. वय 80 च्या पुढे, पार्किन्सन्सने हात थरथरत असलेले. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात कच्चे कैदी म्हणूनच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाची निदान बातमी झाली. गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे ऑगस्ट 2022 मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहात असताना तापाने आजारी पडला आणि 33व्या वर्षी गेला. ज्या खटल्यात त्याला शिक्षा झाली होती त्यातल्या सगळ्यांना मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तेव्हा तो जाऊन दीड वर्ष झाले होते. त्याच खटल्यातले, 90 टक्के अपंगत्व असलेले, चाकांच्या खुर्चीवरचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा सुटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या रुग्णालयात वारले. या तिघांच्या राजकीय मतांबद्दल आपले काय मत आहे ते मी विचारत नाही. डॉक्टरला तो प्रश्न पडत नाही आणि आरोग्यमंत्र्यालाही पडू नये.

आता एक गोष्ट सांगते, जी मी नोकरीत असताना कुठे लिहू शकले नाही. एका रुग्णालयात विशीतला एक कच्चा कैदी मूळव्याध म्हणून तपासायला आणला होता. हातात बेडी, बेडीची दोरी गार्डच्या मनगटाला. मी गार्डला बाहेर उभे राहायला सांगितले. तो म्हणाला, 'मॅडम, पळाला तर माझी नोकरी जाईल, माझी पोरे रस्त्यावर येतील.' त्याचेही खोटे नव्हते. शेवटी तो दाराशी पाठ करून उभा राहिला. मी तपासले. ती मूळव्याध नव्हती. कोणीतरी, बहुधा एकाहून जास्त जणांनी, त्या पोरावर जबरदस्ती केली होती. मी विचारले तेव्हा तो भिंतीकडे बघत राहिला, आणि मग एवढेच म्हणाला, 'लिहू नका. मला परत तिथेच जायचंय.'

त्या काळी निदान भारतीय दंड संहितेचे 377वे कलम होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले, ते अगदी योग्य झाले; जबरदस्तीसाठी ते शिल्लक होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 377 पूर्णच गेले. बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. सज्ञान पुरुषावर तुरुंगात अत्याचार झाला तर त्यासाठी आज वेगळे कलम नाही. मारहाण, दुखापत असेच काही लावावे लागते. कायदा दिल्लीत होतो, ते आपल्या हातात नाही. पण अशा पुरुषाला त्याच दिवशी तपासणी, एचआयव्ही टाळण्याचे 72 तासांच्या आत सुरू करायचे औषध, आणि कोणाला न कळता बोलायला माणूस, एवढे देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. एचआयव्ही आणि एड्सविषयीच्या 2017 च्या कायद्याने शासनाच्या ताब्यातल्या प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क दिला आहे. त्या हक्काला जागा हवी, बंद दाराची एक खोली हवी. ती खोली कुठल्या तुरुंगात आहे ते आपण विचारून पाहावे.

दारूबद्दल तर कोणी बोलतच नाही. अटक झालेल्या पुरुषांत रोज पिणारे खूप असतात. बाहेर रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेणाऱ्याची दारू अटकेने एका क्षणात तुटते. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत हात कापणे, घाम, भास, भान हरपणे, भिंतीवर किडे दिसणे. यात माणूस मरू शकतो, आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुधा वाचतो. औषधे साधी आहेत, सरकारी रुग्णालयात असतात, पण आत येतानाच कोणी विचारायला हवे: किती पितोस, शेवटची कधी घेतलीस? हे गणवेशातल्या माणसाने दरडावून विचारले तर तो म्हणतो, 'कधी शिवलो नाही साहेब.' मग तिसऱ्या रात्री त्याचा आरडाओरडा सुरू होतो आणि त्याला वेडाचे सोंग करतो म्हणून मार बसतो, किंवा एकट्याला कोंडले जाते.

मनाचे तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने दाखवून दिले की 2017 ते 2021 या पाच वर्षांत देशातल्या तुरुंगांत जे 817 अनैसर्गिक मृत्यू झाले त्यांतले 660 आत्महत्यांचे होते. तुरुंगाबाहेरच्या आत्महत्यांचे आकडेही आपल्यासमोर आहेतच. 2022 मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांत 70 टक्क्यांहून जास्त पुरुष होते, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. आदर्श कारागृह नियमावली 2016 म्हणते, पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असावा. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांतल्या अशा तज्ज्ञांची संख्या 25 दिली आहे. पावणेसहा लाख माणसांना 25. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या 103व्या कलमाने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असायलाच हवे असे बजावले आहे, आणि 31व्या कलमाने तुरुंगातल्या सगळ्या डॉक्टरांना मानसिक आजारांचे प्राथमिक उपचार शिकवायला सांगितले आहे. हा कायदा गृह खात्याने नव्हे, आरोग्य खात्याने अमलात आणायचा आहे.

इथे कोणी विचारेल, आणि विचारावेच, की या पुरुषांसाठी एवढा जीव का टाकायचा? यातल्या काहींनी बायकांना जाळले आहे, पोरींवर हात टाकला आहे. मला ते कोणी सांगायची गरज नाही. त्या बायकांच्या भाजलेल्या अंगांवर मी स्वतः पट्ट्या बांधल्या आहेत, त्यांचे मृत्यूपूर्व जबाब माझ्यासमोर झाले आहेत. ज्याने हे केले त्याला शिक्षा व्हावी, पुरेपूर व्हावी. पण त्या शिक्षेत खोकून मरणे न्यायालयाने लिहिलेले नसते. आणि ज्याला अजून शिक्षाच झालेली नाही, अशा चारांतल्या तिघांचे काय? शिवाय जो पुरुष दुसऱ्याच्या वेदनेला जुमानत नाही, तो स्वतःची वेदनाही कधी कबूल करत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. त्याला पहिल्यांदाच कोणी शांतपणे 'कुठे दुखते?' असे विचारले, तर तिथून काही सुरू होऊ शकते. महिला बंद्यांचे हाल वेगळे आणि कमी नाहीत. त्यांची संख्या थोडी असल्याने ते झाकले जातात, त्यांच्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. आणि तुरुंगातला क्षय तुरुंगात राहत नाही. तो जामिनावर सुटतो, खोलीवर जातो, बायकोपोरांच्या शेजारी झोपतो.

बाहेरच्या देशांनी हे कधीच ओळखले. नॉर्वेने 1988 मध्ये, फ्रान्सने 1994 मध्ये आणि इंग्लंडने 2006 पर्यंत तुरुंगांची आरोग्यसेवा आरोग्य खात्याकडे दिली. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतला 24वा नियम सांगतो की बंद्याला समाजात मिळते त्याच दर्जाची सेवा मिळावी. आपल्याकडेही तुरुंगातला डॉक्टर सिव्हिल सर्जनला जबाबदार असावा, अधीक्षकाला नव्हे. औषधे जिल्हा रुग्णालयाच्या साठ्यातून जावीत. डॉक्टरची बदली, त्याचा गोपनीय अहवाल, त्याचे प्रशिक्षण सगळे आपल्या खात्यात राहावे. मग 'हा माणूस रुग्णालयात पाठवा' असे त्याने लिहिले तर ते लिहिलेले वजनाचे ठरेल.

यातले काही करायला कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल. पण पुष्कळसे एका परिपत्रकाने होते. तपासणीच्या वेळी गार्ड दाराबाहेर, नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या बाहेर, असा आदेश आपल्या रुग्णालयांना आपण उद्या देऊ शकता. खाटेला बेडीने बांधलेल्या रुग्णाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच आसामातल्या बंद्यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. तो निकाल प्रत्येक वॉर्डात लावा. बॅरेकीत कुलूपबंद चिठ्ठीपेटी ठेवा, जिची किल्ली फक्त आरोग्य कर्मचाऱ्याकडे असेल, म्हणजे बोलायची लाज वाटणारा निदान लिहील, किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेईल. नव्या बंद्याची पहिली तपासणी पडद्याआड व्हावी आणि तीत दारू, झोप, जीव देण्याचे विचार यांबद्दल विचारावे. गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे आले की गार्ड बंदोबस्ताला जातात आणि बंद्याच्या शस्त्रक्रियेची तारीख हुकते. हर्निया अडकेपर्यंत, गाठ पसरेपर्यंत ती हुकत राहते. रुग्णालयाच्या तारखांसाठी वेगळे गार्ड मागायला गृहमंत्र्यांशी आपण बोलावे. ते आपले सहकारी आहेत.

आणि सुटकेचा दिवस. संध्याकाळी आदेश येतो, माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी फाटकाबाहेर पडतो, त्याच्या क्षयाच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, एचआयव्हीच्या एआरटी गोळ्या आत कपाटात राहतात. त्याच्या हातात महिनाभराचे औषध, क्षयरुग्ण म्हणून नोंदलेल्या त्याच्या निक्षय क्रमांकाची चिठ्ठी आणि त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी गेलेला फोन, एवढे आपल्या खात्याने बांधून द्यावे. आपण हे पत्र वाचल्यावर राज्यातल्या नऊ मध्यवर्ती कारागृहांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकदा मुंबईला बोलवावे, त्यांच्या अधीक्षकांना न बोलवता, आणि दिवसभर त्यांचे ऐकावे. त्या दिवशी काही टिपून द्यायला, कुणाचे काही समजावून सांगायला माझा उपयोग होणार असेल तर मी येईन.

आपली,
आरोग्यसेवेतली एक निवृत्त डॉक्टर